टोपावर गेलेला कोट

सव्वीस जानेवारी जवळ आली की मला एक स्टीलचा टोप आठवतो. पोलीस खात्यात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला एखादा खून आठवावा, दरोडा आठवावा, निदान एखादा नामचीन आरोपी तरी. माझ्या बरोबरीचे अधिकारी निवृत्तीनंतर तसलं काहीबाही सांगतात आणि लोक कान देऊन ऐकतात. मला मात्र झाकणासकट मिळालेला, जाड बुडाचा एक टोप आठवतो.

तेव्हा मी घाटकोपरच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. जानेवारी महिना आम्हा लोकांना वाईट. वरून रोज गोपनीय कागद येतात. लॉज तपासा, भाडेकरू तपासा, बेवारस वस्तूंवर लक्ष ठेवा. आमच्यापासून ट्रॉम्बे जवळ, तिथलं अणुकेंद्र जवळ, म्हणून आमच्या कागदांवर लाल रेघा जरा जास्तच. अशा दिवसांत साध्या गोष्टी साध्या दिसत नाहीत. आदल्या वर्षी मी एका बेवारस पिशवीभोवती दोरी बांधून भर बाजारातला रस्ता अर्धा तास बंद ठेवला होता. पिशवीत आमच्याच ठाणे अंमलदाराचा जेवणाचा डबा निघाला. भेंडीची भाजी होती. पुढे बरेच दिवस ठाण्यात माझी पाठ वळली की कोणीतरी हळूच 'भेंडी' म्हणायचं.

त्यामुळे त्या वर्षी मला काहीतरी खरं सापडायला हवं होतं. आज हे कबूल करायला हरकत नाही. अधिकाऱ्याला गुन्हा हवासा वाटू लागला की तो त्याला कुठेही दिसतो.

खबर आणली आमच्या एका जुन्या खबऱ्याने. चहा पाजल्याशिवाय तोंड उघडत नसे म्हणून आम्ही त्याला 'कटिंग' म्हणायचो. कटिंगने सांगितलं की स्टेशनजवळ ट्रॉफ्या आणि नावाच्या पाट्या बनवणारं जे दुकान आहे, तिथे कोणीतरी लष्कराची मेडलं करायला टाकली आहेत. तीन. प्रत्येकावर नंबर आणि नाव कोरून हवंय. ऑर्डर देणारी बाई तरुण आहे, स्वतःचं नाव सांगत नाही, फोन नंबर देत नाही, दुकानात उभी असताना सारखी मागे वळून बघते. आणि माल सव्वीसच्या आत पाहिजे.

मी दुकानदाराला बोलावून घेतलं. बिचारा घामाघूम होऊन आला आणि तिने दिलेली चिठ्ठी टेबलावर ठेवून हात मागे घेतला, जणू चिठ्ठी चावणार होती. वहीचा फाडलेला कागद, त्यावर इंग्रजी अक्षरं. एकेक सुटं, चित्र काढावं तसं काढलेलं. आधी लांबलचक नंबर, मग 'एनके', मग एका माणसाचं नाव.

"एनके म्हणजे काय?" मी विचारलं.

"मालूम नाय साहेब. कोडवर्ड असेल."

हा शब्द त्याने उच्चारायला नको होता. मी सकाळभर एनके नावाचा माणूस शोधत बसलो. आणि सापडला की. नावाआडनावाची आद्याक्षरं तीच असलेला, कुर्ल्याच्या एका जुन्या गुन्ह्यातला फरारी. मग मी खुर्चीत मागे टेकलो, डोळे मिटले आणि मला चित्र दिसायला लागलं. सव्वीस जानेवारीला छातीवर मेडलं लावून एक माणूस येतो. त्याला कोण अडवणार? कोण झडती घेणार? मी स्वतः दारावर असतो तर सलाम ठोकून आत सोडला असता. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती आणि तिच्या शाळेच्या झेंडावंदनाला दरवर्षी कोणीतरी निवृत्त फौजी पाहुणा म्हणून यायचा. हा विचार आला आणि मी घाबरून उभा राहिलो. पुढे मी जे काही केलं त्यावर लोक हसले, मीही हसतो, पण ती भीती खोटी नव्हती. घरी मी मुलीला सांगितलं की यंदा शाळेत जायचं नाही. ती म्हणाली, बाबा, मी लेझीममध्ये पहिल्या रांगेत आहे. मी तिच्यावर ओरडलो.

वरिष्ठ निरीक्षकांना कळवलं. त्यांनी त्यांच्या वर कळवलं. दुसऱ्या दिवसापासून मला अशा लोकांचे फोन येऊ लागले ज्यांना माझं नाव माहीत असल्याचं मला कधी वाटलं नव्हतं. एनकेचं काय झालं, असं ते विचारायचे. एनके आता माणूस झाला होता.

माल न्यायला ती कधी येणार ते दुकानदाराला माहीत होतं, त्यामुळे आम्ही सापळा लावला. साध्या वेशात तिघे. साध्या वेशातला पोलीस ओळखायचा असेल तर त्याचे बूट बघावेत. आम्हा तिघांचे तपकिरी होते. आमच्या हवालदार बाई शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात बांगड्या बघत बसल्या होत्या. सगळ्यांत कमी पोलीस त्याच वाटत होत्या.

तीनच्या सुमाराला ती आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, गळ्यात नवं मंगळसूत्र, हातात कापडी पिशवी. हवालदार बाईंनी दंड धरला तेव्हा ती ओरडली नाही, सुटायची धडपड केली नाही. पिशवी छातीशी घट्ट धरून एवढंच म्हणाली, "घरी कळवू नका."

ठाण्यात आणून पिशवी टेबलावर रिकामी केली. हृदयविकाराच्या गोळ्यांची दोन पाकिटं, कढीपत्ता आणि अर्धा किलो भेंडी. हवालदार बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांचे खांदे हलत होते.

ओळखपत्रावर मुलुंडचा पत्ता होता. पत्त्याची पडताळणी करून ये, घरात कोण आहे ते बघून ये, असं सांगून मी आमच्या एका जुन्या पोलीस नाईकाला लगेच पाठवला. गणवेशात. ही त्या दिवसाची सर्वात मोठी चूक, पण ती कळायला अजून तासभर होता.

चौकशी सुरू झाली. हवालदार बाई तिच्या शेजारी, मी समोर. मेडलं कोणासाठी? नंबर कुठून आणला? एनके कोण?

"माहीत नाही," ती म्हणाली. हे इतक्या सरळपणे म्हणाली की मला वाटलं, हिला चांगलं पढवलेलं आहे.

मी आवाज चढवला. कोणते गुन्हे लागतील ते मोजून सांगितले. पण तिचे डोळे माझ्याकडे नव्हते. ते माझ्या डोक्यावरच्या घड्याळाकडे होते. साडेतीन. पावणेचार. मी मनात नोंद केली की हिचा साथीदार चार वाजता कुठेतरी येणार. खरं तर वीस वर्षांच्या नोकरीत मला एक गोष्ट कळायला हवी होती. गुन्हा केलेला माणूस दाराकडे बघतो. कोण येतंय, कोणाला आणलंय, कधी सुटतोय. घड्याळाकडे बघतो तो, ज्याची घरी कोणीतरी वाट बघत असतं.

चारला दोन मिनिटं कमी असताना तिचा फोन वाजला. तो माझ्या समोर टेबलावर होता. पडद्यावर लिहिलं होतं, 'आजोबा'. मला वाटलं, हेही कोडवर्ड. मी फोन उचलला.

पलीकडून मालवणी बोलणारा म्हातारा आवाज आला. "खंय आसस गो? माझी चारची गोळी खंय ठेवलंस?"

"कोण बोलतंय?" मी पोलिसाच्या आवाजात विचारलं.

मग तोच आवाज, पण वेगळा, ताठ. "तुम्ही कोण?"

मी समोर बघितलं. ती खुर्चीतून उठली नव्हती. तिने फक्त दोन्ही हात जोडले होते आणि ते कपाळाला लावले होते. मी अनेकांना हात जोडताना बघितलंय. सुटकेसाठी जोडतात, मार चुकवायला जोडतात. हे तसलं नव्हतं. ती स्वतःसाठी काही मागत नव्हती.

"मी दुकानदार," मी म्हणालो. "बाई फोन इथे विसरून गेल्या. येतीलच घ्यायला." आणि फोन ठेवला.

असं का बोललो ते मलाही कळलं नाही. पण मी खोटं बोललो म्हटल्यावर ती बोलायला लागली. आजोबांना दिवाळीनंतर झटका येऊन गेलाय. डॉक्टरांनी सांगितलंय, मनाला धक्का बसता कामा नये. त्यांना काही कळलं आणि काही झालं तर मी तोंड कोणाला दाखवू? मी तुमच्या पाया पडते साहेब, मला आत टाका, पण घरी पोलीस पाठवू नका.

तेव्हा मला नाईक आठवला.

मी त्याला फोन लावला. घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला. त्याने उचलला तेव्हा मी ओरडलो, बेल दाबू नको. तो हळूच म्हणाला, "दाबली साहेब. आतून कोणतरी येतंय. काठीचा आवाज येतोय."

"ज्येष्ठ नागरिक," मी म्हणालो. "तू ज्येष्ठ नागरिकांची नोंदणी करायला आलायस. फॉर्म भरून घे."

"फॉर्म कुठाय साहेब?"

"वहीत लिही."

कडी सरकल्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

नंतरचा सव्वा तास मी विसरणार नाही. त्या खोलीत ती, हवालदार बाई आणि मी. आरोपी कोण आणि पोलीस कोण याला अर्थ उरला नव्हता. आम्ही तिघं एकाच गोष्टीला घाबरत होतो, मुलुंडमधल्या एका म्हाताऱ्याच्या छातीला. त्या वेळात तिने सगळं सांगितलं.

ती सिंधुदुर्गातली. लग्न होऊन आठ महिने झालेले. नवरा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. घरात ती आणि नवऱ्याचे आजोबा, दोघंच. आजोबा फौजेत होते, एकाहत्तरची लढाई लढलेले. सासू-सासरे कधीचेच गेलेले, दोन पुरुषांचं घर, स्वयंपाकघरात तीन पोचे आलेली पातेली. दसऱ्याच्या साफसफाईला बोहारीण आली. टोपलीत एक टोप होता, असा लख्ख की त्यात तोंड दिसावं. दोन साड्या दिल्या तर बोहारीण म्हणाली, एवढ्यावर भागत नाही, अजून काहीतरी घाल. कपाटात तळाशी एक जाडजूड हिरवट कोट होता, कसर लागलेला, बाहीला भोकं पडलेली. तो दिला.

"टोप घेताना झाकण मागितलंस का नाही?" हवालदार बाईंनी मध्येच विचारलं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"मागितलं. कोटाच्या वर झाकण दिलं तिने," ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्या कोटाच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळून मेडलं होती. तिला हे कळलं जानेवारीत, जेव्हा आजोबा म्हणाले की सोसायटीने यंदा झेंडावंदन माझ्या हातून ठेवलंय, कोटातली मेडलं काढून जरा घास. तिने पहिलं खोटं तिथेच सांगितलं, पॉलिशला दिलीत म्हणून. मग नवऱ्याने पूर्वी मोबाइलवर पाठवलेल्या जुन्या फोटोत मेडलं कशी होती ते बघितलं, आजोबांच्या पेटीतलं फौजेतून सुटतानाचं पुस्तक काढलं आणि त्यातला नंबर आणि नाव अक्षरं बघून बघून उतरवून घेतलं. तसंच सगळं नव्याने करून कपाटात ठेवायचं आणि आयुष्यभर गप्प राहायचं, एवढाच तिचा कट.

"घरात येऊन वर्ष नाही झालं," ती म्हणाली, "आणि घराची अब्रू मी टोपावर दिली."

नाईक परत आला तो तोंडभर हसत. म्हाताऱ्याने त्याला सोडलंच नव्हतं. चहा पाजला, लढाई सांगितली, चारची गोळी यानेच शोधून दिली. नावनिशी आधारकार्डावरून वहीत उतरवून आणली होती. मेडलं दाखवणार होते पण पॉलिशला गेलीत म्हणाले.

"आणि साहेब," तो म्हणाला, "एनके म्हणजे नाईक. फौजेत तसं लिहितात. मी म्हटलं मीपण नाईक, तर त्यांनी मिठीच मारली."

ठाण्यात कोणी हसलं नाही. मी साहेब होतो ना. पण भेंडीची जागा आता एनकेने घेतली हे मला कळून चुकलं. वर अहवाल गेला, 'खबरीची पडताळणी केली असता तथ्य आढळून आले नाही.' वरिष्ठांनी मला अर्धा तास उभं करून जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. मुलगी लेझीमला गेली.

खरी मेडलं शोधायचा मी प्रयत्न केला. मुलुंडच्या बाजारात ती बोहारीण सापडली, पण माल कधीच पुढे गेलेला. जुन्या कपड्यांच्या बाजारात दोन सकाळी मी डोंगराएवढ्या ढिगांतून कोट उपसले आणि प्रत्येकाच्या आतल्या खिशात हात घातला. एक सुपारी मिळाली, एक लग्नाची पत्रिका, एक चष्म्याची काच. मेडलं हरवली तर रीतसर अर्ज करून दुसरी मागवता येतात हे मी चौकशी करून जाणून घेतलं होतं. पण त्याला गहाळ नोंद लागते, आणि अर्जावर सही लागते ती खुद्द त्या सैनिकाची. शिवाय हाताशी दिवस होते पाच.

तेव्हा मी ठरवलं की दुकानदाराने भीतीने अर्धवट सोडलेली मेडलं पूर्ण करून घ्यायची. आता हे माझं काम झालं होतं. मी जातीने उभा राहिलो. रिबिनींचे रंग फोटोशी जुळवले, नव्या धातूची चकाकी घासून कमी करून घेतली. कडेवर नाव कोरायची वेळ आली तेव्हा मी चिठ्ठी काढली, शेजारी नाईकाची वही ठेवली आणि मला दिसलं की पोरीने उतरवताना आडनावातलं एक अक्षर गाळलंय. बारावी शिकलेली, घाबरलेली, होणारच. मी ते अक्षर घातलं. तिन्ही मेडलांवर. तपासातल्या बारकाव्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली.

मेडलं तिच्या हातात दिली ती हवालदार बाईंच्या समोर. तिने एक मेडल उचललं, कडेवरून नजर फिरवली आणि थांबली. तोंड उघडलं.

"नावात चुकली होतीस," मी म्हणालो. "मी नीट करून घेतलंय."

तिने तोंड मिटलं. "हो साहेब," म्हणाली.

सव्वीसला सकाळी मी मुलुंडला गेलो. बंदोबस्ताचं निमित्त काढून. आवारात रांगोळी, खुर्च्या, जिलेबीचे पुडे. आजोबा खाली आले ते लिफ्टने नाही, जिना उतरून. पंचाहत्तरीचा, काठी घेतलेला पण पाठ सरळ असलेला माणूस. पांढरा सदरा आणि छातीवर तीन मेडलं. ती मागे चालत होती, चेहरा कागदासारखा. झेंड्याची दोरी धरण्याआधी त्यांनी डावा हात छातीकडे नेला, मधलं मेडल चिमटीत धरलं आणि अंगठा त्याच्या कडेवरून फिरवला. सावकाश. एका जागी अंगठा थांबला. पुन्हा मागे आला. पुन्हा त्याच जागी थांबला.

मी त्यांच्या छातीकडे बघत होतो आणि डोक्यात एकच विचार होता, रुग्णवाहिका किती मिनिटांत येईल.

त्यांनी हात खाली घेतला, दोरी ओढली, झेंडा उलगडला, सलाम केला. कोणाकडेही बघितलं नाही. राष्ट्रगीत संपलं. मी दोन जिलेब्या खाल्ल्या आणि देवाचे आभार मानले.

पंधरा-वीस दिवसांनी, दुपारी, आजोबा ठाण्यात आले. एकटे. रिक्षाने आलेले, पण आमच्या ठाण्याच्या पायऱ्या चढून धाप लागलेली. मी उठून खुर्ची दिली. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, मग खिशातून रुमाल काढून त्यातली तिन्ही मेडलं माझ्या टेबलाच्या काचेवर मांडली.

"त्या दिवशी फोनवरचे दुकानदार तुमीच ना?" ते म्हणाले. झेंडावंदनाला मी कोणालातरी बाजूला व्हा म्हणून हटकलं होतं, तोच आवाज त्यांनी ओळखला होता. ठाणं कोणतं हे त्यांना आमच्या नाईकाने चहा पिताना आधीच सांगून ठेवलं होतं.

मी मान हलवली. माझ्या समोर कित्येक आरोपींनी अशीच हलवली होती.

त्यांनी अंगठा मेडलाच्या कडेवर ठेवला. फौजेत भरती होताना कोणा कारकुनाने नावातलं एक अक्षर खाल्लं होतं. पुस्तकात तसंच, मेडलांवर तसंच, पेन्शनही तशीच. ती चूक त्यांच्या अंगठ्याला पन्नास वर्षं पाठ होती. पोरीने चूक केलीच नव्हती. तिने जे होतं तसंच्या तसं उतरवलं होतं. चूक मी दुरुस्त केली होती.

"लढाई केलान ती त्या चुकीच्या नावाच्या माणसान," ते म्हणाले. "ह्यो बरोबर नावाचो कोण, माका म्हायत नाय."

मी माफी मागितली. खात्याकडून दुसरी मेडलं मागवता येतील, मी स्वतः अर्ज लिहितो, असं म्हटलं. त्यांनी मान हलवली. उत्तर घरी येणार, टपाल ती घेणार, ती वाचणार. मग त्यांनी सांगितलं की मेडलांचं त्यांना जानेवारीतच कळलं होतं. ती पॉलिशला दिली म्हणाली त्याच दुपारी त्यांनी कपाट उघडलं. कोट नव्हता आणि स्वयंपाकघरात टोप होता. लढाईत असताना माणूस नकाशा वाचायला शिकतो, ते म्हणाले, हे तर घरातलं होतं. ती स्वतःहून सांगेल म्हणून वाट बघितली. ती सांगेना. तिने टोप माळ्यावर टाकला. मग आजोबा रोज म्हणायला लागले, टोप खाली काढ, चहा त्यातच कर. तिला कळावं की मला राग नाही, म्हणून. तर ती टोपाला हात लावताना अजूनच घाबरायला लागली.

"तिला सांगून टाका ना," मी म्हणालो. "सगळंच मिटेल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या ताठ माणसाच्या डोळ्यांत मला तीच भीती दिसली जी त्या दिवशी समोरच्या खुर्चीत बघितली होती. "नको. माका म्हायत आसा ह्या तिका कळला, तर लाजेन म्हायेराक जायत. नातू दर्यार. मग माका ह्या घरात कोण? तुमी तिका सांगू नकात. ह्या एक अक्षर तेवढा काढून द्या."

मी ती मेडलं घेऊन दुकानदाराकडे गेलो. त्याने कानशीने तिन्हींवरचं ते अक्षर घासून काढलं. तिथे एक बारीक खड्डा राहिला. आजोबांनी अंगठा फिरवला, मान डोलावली आणि रुमालात बांधून घेऊन गेले, घरी पिना दुरुस्तीला दिल्या होत्या असं सांगायचं ठरवून.

निवृत्त झालो तरी दर सव्वीसला मी त्यांच्याकडे चहाला जातो. त्यांनीच बोलावलं, नाही म्हणता आलं नाही. पहिल्या वर्षी ती चहा करत होती, मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. ती हळू आवाजात म्हणाली, "साहेब, घासताना बघितलं. पिना दुरुस्तीला गेल्या तेव्हा ते अक्षर तुम्हीच काढून घेतलंत ना?"

"हो," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"मी तेव्हाच सांगणार होते. पुस्तकात तसं नव्हतं. पण तुम्ही म्हणालात नीट केलंय." ती थांबली. "तुम्हाला कसं सांगणार?"

त्या एका वाक्याने नोकरीतल्या सगळ्या जुन्या फायली माझ्या डोळ्यांसमोर आल्या. माझ्यासमोर किती जण 'हो साहेब' म्हणाले असतील आणि त्यातलं किती खरं असेल? मी लोकांना घाबरवून खरं काढतो असं मला वाटायचं. घाबरलेला माणूस पोलिसाला त्याची चूक दाखवत नाही, तो फक्त मान हलवतो. आणि त्याला भीती माझी आहे असं मी धरून चालायचो. बहुतेकदा ती घरातल्याच कोणाची असते, ज्याला गमवायचं नसतं.

"आजोबांना कळलं नाही ना?" तिने विचारलं.

बाहेरच्या खोलीत आजोबा खाकरले. मुद्दाम की उगाच, कोण जाणे.

"नाही," मी म्हणालो.

तिने टोपातला चहा तीन कपांत गाळला. मी माझा कप दोन्ही हातांनी धरला. आजही दरवर्षी तसाच धरतो, सांडू नये म्हणून.